रानमेंढ्या डोंगरावर परत आणायच्या का? प्रस्ताव कसा तपासावा, सुनावणीत काय मांडावं

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराला उत्तरेकडून टेकून सांता कॅटालिना डोंगररांग उभी आहे. तिथल्या कड्यांवर बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या होत्या. १९९० चं दशक सरता सरता त्यांचा कळप संपला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲरिझोना गेम अँड फिश या राज्याच्या वन्यजीव खात्याने युमा भागातल्या डोंगरांतून ३१ मेंढ्या पकडून इथे आणून सोडल्या. पहिल्या काही महिन्यांतच त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मेल्या, बहुतेक प्युमा या अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराच्या तोंडी. मेंढ्या मारणारे प्युमा खात्याने माग काढून मारले आणि शहरात वाद पेटला. मेंढ्यांसाठी प्युमा मारायचे, हे कुठलं संवर्धन, असं एक बाजू विचारत होती. माणसाने उजाड केलेला डोंगर माणसानेच भरून द्यायला नको का, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत असे प्रस्ताव अधूनमधून येत असतात. जाहीर सुनावण्या होतात, लेखी मतं मागवली जातात. असं मत मांडायला नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी माणसालाही त्यात बोलता येतं. बोलायचं असेल तर आधी प्रस्ताव वाचता आला पाहिजे. कुठे थांबायचं, कुठला आकडा शोधायचा आणि तो नसेल तर काय विचारायचं, ते खाली दिलं आहे.

आधीच्या मेंढ्या कशाने गेल्या?

प्रस्ताव हातात आला की पहिलं पान सोडून द्या. त्यावर शिंगवाल्या मेंढ्याचा फोटो आणि ‘वारसा’ हा शब्द असतो. आधीचा कळप नाहीसा होण्याची कारणं ज्या प्रकरणात आहेत ते उघडा. असं प्रकरणच नसेल तर पहिली हरकत तिथेच लिहून ठेवा.

कॅटालिनाच्या बाबतीत एक कारण पुरेसं नव्हतं. बिगहॉर्न मेंढी डोळ्यांवर जगते. लांबूनच शत्रू दिसला की ती कड्यावर चढते, आणि तिथे प्युमाला तिच्यामागे पळणं जमत नाही. पण वणवे लागले की विझवायचे, हे धोरण अनेक दशकं चाललं. त्यामुळे मोकळ्या उतारांवर झुडुपं दाटली. मेंढीला दिसेनासं झालं आणि प्युमाला दबा धरायला जागा मिळाली. पायथ्याशी घरं आणि रस्ते वाढत गेले, तसा हा डोंगर आजूबाजूच्या रांगांपासून तुटला आणि नव्या नरांचं येणं थांबलं. पायवाटांवर माणसं आणि कुत्री वाढली. कळप लहान झाला की यातला कुठलाही एक घाव पुरतो.

आता यादीतल्या प्रत्येक कारणासमोर तीनपैकी एक शेरा लिहा: दूर झालं, कमी झालं, तसंच आहे. कॅटालिनात झुडुपांचं कारण खरोखर कमी झालं होतं. २००२ ची बुलक आग आणि २००३ ची ॲस्पेन आग यांत मिळून एक लाख एकराहून जास्त क्षेत्र जळलं आणि मेंढ्यांना लागतात तसे बरेच उतार उघडे झाले. पुन्हा मेंढ्या सोडण्याच्या बाजूचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा होता. घरं मात्र जिथल्या तिथे होती. ज्या प्रस्तावात अर्ध्याहून जास्त कारणांपुढे ‘तसंच आहे’ असा शेरा येतो, तिथे मेंढ्या सोडणं म्हणजे प्युमांना रतीब घालणं.

वणव्याच्या मुद्द्याला एक शेपूट आहे. उंचावरच्या जंगलातली आग मेंढ्यांना उपकारक ठरू शकते, पण पायथ्याच्या सोनोरा वाळवंटाला आगीची सवय नाही. तिथे आफ्रिका-आशियातून आणलेलं बफेल गवत पसरलं आहे. ते पेटतं, निवडुंग जाळतं आणि पुन्हा दाट उगवतं. आपल्याकडे ज्याला अंजन म्हणतात आणि चांगला चारा म्हणून मुद्दाम लावतात, तेच हे गवत. ‘आगीमुळे अधिवास सुधारेल’ असं वाक्य दिसलं की विचारा: कुठल्या उंचीवरची आग? वीज पडून लागलेल्या जून २०२० च्या आगीत कॅटालिनाचा सुमारे १,२०,००० एकर भाग जळला. तिचं नाव योगायोगाने ‘बिगहॉर्न फायर’ असंच पडलं. एवढ्या मोठ्या आगीत फायदा आणि तोटा एकाच नकाशावर शेजारी शेजारी असतात.

नकाशा कसा वाचायचा

प्रस्तावात अधिवासाचा रंगीत नकाशा असतो. त्यातलं एकूण क्षेत्रफळ फसवं असतं. मेंढ्यांच्या उपयोगाची जमीन काढायची वापरातली पद्धत अशी आहे:

१. २७ अंशांहून जास्त उताराची खडकाळ जमीन वेगळी काढा. ही पळून जायची जागा. ८५ अंशांपुढचा उभा कडा यात धरत नाहीत.

२. तिच्याभोवती ३०० मीटरचा पट्टा आखा. मेंढ्या चरतात त्या साधारण एवढ्याच अंतरात. दोन्ही बाजूंना कडे असतील तर मधली जमीन थोडी जास्त रुंद असली तरी चालते.

३. त्यातून दाट झाडी आणि उंच झुडुपांचा भाग वजा करा.

४. बारमाही पाण्यापासून ३.२ किलोमीटरपेक्षा (म्हणजे दोन मैलांपेक्षा) दूर असलेला भाग वजा करा.

५. रस्ते, कालवे, कुंपणं आणि वस्ती वजा करा.

उरेल ते खरं क्षेत्र. ते तुकड्यातुकड्यांत आहे की सलग, हे डोळ्यांनीच पाहा. बेरीज चांगली दिसते आणि तुकडे एकमेकांपासून तुटलेले असतात, अशी गफलत सगळ्यात जास्त वेळा होते. खात्याकडे संगणकावरचे नकाशाथर असतात. ते मागितले तर मिळतात आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकटच्या संगणक-प्रणालीत उघडतात. उतार काढायला ३० मीटरची उंचीची माहिती चालते, पण अरुंद कडे तिच्यात पुसले जातात. १० मीटरची मिळाली तर तीच घ्या.

पाण्यावरून वेगळं भांडण होतं, कारण उत्तर सोपं दिसतं: टाक्या बांधा. ॲरिझोनातल्याच कोफा राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मेंढ्यांची संख्या २००० मधल्या ८१२ वरून २००६ मध्ये ३९० वर आली. तेव्हा केंद्राच्या वन्यजीव खात्याने (फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस) २००७ मध्ये तिथल्या वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्याने जंगली अवस्थेत राखलेल्या भागात, पाण्याच्या दोन टाक्या पुरल्या. संरक्षणवादी संस्था कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील न्यायालय) खात्याविरुद्ध निकाल दिला. वाइल्डरनेस क्षेत्रात बांधकामाला १९६४ च्या कायद्याने मनाई आहे आणि सूट हवी तर तेवढं केल्याशिवाय भागतच नाही हे दाखवावं लागतं. शिकार थांबवणं, पायवाटा बंद ठेवणं असे दुसरे उपाय का पुरणार नाहीत, याचा हिशेब खात्याने मांडलाच नव्हता. म्हणून टाकीचा उल्लेख दिसला की जागा वाइल्डरनेसच्या हद्दीत आहे का ते पाहा. असेल तर पर्यायांची तुलना शोधा. कॅटालिनाचा मेंढ्यांचा मुख्य भाग, पुश रिज, १९७८ पासून वाइल्डरनेस आहे. तिथे हेलिकॉप्टर उतरवायलासुद्धा वेगळं समर्थन लागतं.

सर्दीसारखा दिसणारा आजार

सुनावणीत प्युमावर तासभर चर्चा होते आणि न्यूमोनियावर पाच मिनिटं. खरं तर उलटं व्हायला हवं. प्युमा एका वेळी एक मेंढी मारतो. न्यूमोनियाची साथ आली तर कळपाचा मोठा भाग एका मोसमात जातो आणि पुढची अनेक वर्षं कोकरं दोन-तीन महिन्यांची होऊन मरत राहतात, म्हणजे कळप भरून येतच नाही.

मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी हा जिवाणू पाळीव मेंढ्या-बकऱ्यांच्या नाकात सहज राहतो. त्यांना फार तर खोकला होतो. रानमेंढीच्या श्वासनलिकेतले घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस तो निकामी करतो, मग दुसरे जिवाणू फुप्फुसात उतरतात. लस नाही. मोकळ्या कळपाला औषध देण्याची सोय नाही. नाकाला नाक लागलं की पुरे.

ही भीती कागदावरची नाही. टूसॉनच्या वायव्येला सिल्व्हर बेल डोंगरात २००३-०४ च्या हिवाळ्यात चरायला आणलेल्या पाळीव बकऱ्या रानमेंढ्यांच्या भागात शिरल्या. तिथे न्यूमोनिया नव्हे, डोळ्यांचा संसर्ग आणि तोंडावरचे फोड पसरले. आंधळ्या झालेल्या मेंढ्या कड्यावर टिकत नाहीत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात मोहावीच्या ओल्ड डॅड पीक भागात न्यूमोनियाची साथ आली.

प्रस्तावात हे शोधा:

पाळीव मेंढ्या-बकऱ्या किती अंतरावर आहेत? अमेरिकेच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत ९ मैलांचा, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोमीटरचा पट्टा सांगितला होता. तेवढ्यावर समाधान मानू नका. माजावर आलेला तरुण नर कितीतरी लांब भटकतो. आयडाहोच्या पेयेट राष्ट्रीय वनात धोक्याचं गणित मांडताना कळपाच्या क्षेत्राबाहेर ३५ किलोमीटरपर्यंतची भटकंती धरली गेली. त्या गणिताच्या आधारे २०१० मध्ये तिथली पाळीव मेंढ्यांची चराई सुमारे ७० टक्के कमी करायचं ठरलं. मेंढपाळ संघटना कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये हरल्या. तेव्हा नुसता गोल पट्टा नको, ‘वर्षाला संपर्काची शक्यता किती’ हा आकडा मागा.

परसातल्या बकऱ्या मोजल्या आहेत का? चराईचे परवाने सरकारी कागदांत असतात, पण शहराच्या कडेला दोन-चार बकऱ्या पाळणाऱ्याची नोंद कुठेच नसते. कॅटालिनासारख्या शहराला लागून असलेल्या डोंगरात खरा धोका इथे आहे. तिथे घरोघरी जाऊन माहिती घेण्याची योजना आणि त्यासाठी माणूस व पैसा हवा. ‘जनजागृती केली जाईल’ हे वाक्य पुरेसं नाही.

आणायच्या मेंढ्यांची तपासणी कशी होणार? दोन तपासण्या लागतात: नाकातल्या बोळ्याची पीसीआर (जिवाणू आत्ता आहे का) आणि रक्ताची इलायझा (पूर्वी येऊन गेला का). फक्त पहिली केली तर जिवाणू अधूनमधून बाहेर टाकणारी मेंढी निसटते. मूळ कळपात आणि ज्या कळपात सोडायच्या त्यात जिवाणूचे वेगवेगळे प्रकार असतील, तर ‘दोन्ही बाधितच आहेत, काय फरक पडतो’ हा युक्तिवाद चुकीचा ठरतो. नव्या प्रकाराने नवी साथ येते.

भटका नर पाळीव कळपात सापडला तर कोण, किती तासांत, काय करणार? उत्तर बहुधा त्याला मारणं हेच असतं, कारण तो परतला तर सगळ्यांना बाधा होऊ शकते. ते प्रस्तावात स्पष्ट लिहिलेलं हवं. लोकांना हे नंतर बातमीतून कळलं की विश्वास उडतो.

साथ आलीच तर? सतत जिवाणू बाळगणाऱ्या मोजक्या मेंढ्या शोधून काढून टाकल्या की कोकरं पुन्हा जगू लागतात, हे हेल्स कॅन्यन आणि साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये दिसलं आहे. त्यासाठी प्रत्येक मेंढी पुन्हा पकडावी लागते. अंदाजपत्रकात त्याची तरतूद आहे का ते बघा.

किती आणि कुठल्या

१९९० मध्ये जीवशास्त्रज्ञ जोएल बर्गर यांनी १२२ कळपांच्या नोंदी तपासून एक निष्कर्ष काढला: ५० पेक्षा लहान कळप ५० वर्षांच्या आत संपले, १०० पेक्षा मोठे टिकले. हा आकडा सुनावणीत दोन्ही बाजू वापरतात. तुम्हीही वापरा, पण त्यावर नंतर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि पन्नासच्या आतले काही कळप टिकल्याची उदाहरणं पुढे आली, हेही माहीत असू द्या. नाहीतर समोरचा तज्ज्ञ तिथेच पकडेल. पश्चिमेकडच्या सहा राज्यांत १९२३ ते १९९७ दरम्यान केलेल्या १०० स्थलांतरांचा एक आढावा आहे. त्यात ४१ यशस्वी, २९ मध्यम आणि ३० अपयशी ठरली. पाळीव मेंढ्या जवळ असतील तिथे यश कमी होतं. ‘असे प्रयोग यशस्वीच होतात’ किंवा ‘कधीच होत नाहीत’, या दोन्ही वाक्यांना हे उत्तर आहे.

एका फटक्यात ३० सोडून थांबणं जवळजवळ वाया जातं. तीन-चार वर्षं दरवर्षी २० ते ३० सोडण्याची योजना, आणि पुढचा हप्ता कोणत्या अटीवर सोडायचा किंवा थांबवायचा याचा लेखी नियम, हे दोन्ही हवं. मेंढ्यांत माद्या बऱ्याच जास्त असाव्यात. नर कमी पुरतात आणि तेच जास्त भटकतात.

कुठून आणायच्या, याचे दोन भाग आहेत. वाळवंटी डोंगरात वाळवंटी मेंढीच हवी, थंड प्रदेशातली नको. आणि ज्या कळपातून घ्यायच्या तो कळप ते सोसू शकेल का, हे वेगळं तपासावं लागतं. कोफाचा वरचा आकडा आठवा: भरलेलं कोठार समजून जिथून मेंढ्या उचलल्या जात होत्या, तिथलीच संख्या सहा वर्षांत निम्म्यावर आली. मूळ कळपाच्या लागोपाठ तीन गणनांचे आकडे मागा. एका गणनेवर विश्वास ठेवू नका, हेलिकॉप्टरमधून सगळ्या मेंढ्या दिसत नाहीत.

पकडण्याबद्दल थोडक्यात. हेलिकॉप्टरमधून जाळं मारून मेंढी अडकवतात, डोळे बांधतात, पाय बांधतात, गळ्यात ठिकाण कळवणारी कॉलर घालतात, नमुने घेतात आणि ट्रेलरमधून नेतात. पाठलाग लांबला तर अंग तापतं आणि स्नायू निकामी होऊन ती नंतर काही दिवसांनीही मरू शकते. नेहमीचं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ४१ च्या पुढे गेलं की गार पाणी ओतायचं आणि हाताळणी आवरायची. पाठलागाची कमाल मिनिटं, तापमानाची मर्यादा आणि किती मृत्यू झाले की मोहीम थांबवायची, हे तीन आकडे प्रस्तावात असावेत. वाळवंटी मेंढ्या प्रामुख्याने जानेवारी ते एप्रिलमध्ये वितात, म्हणून पकडण्याचं काम साधारण नोव्हेंबरमध्ये उरकायचं.

प्युमा: जिथे सगळे भांडतात

इथे दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात.

प्युमाचं मुख्य अन्न हरणं. ती भरपूर असतील तर प्युमाही भरपूर असतात आणि मेंढी वाटेत सापडलेली शिकार असते. मोठ्या कळपाला ते परवडतं, पंधरा मेंढ्यांच्या कळपाला नाही. शिवाय सगळे प्युमा सारखे नसतात. कॅनडातल्या अल्बर्टात एका अभ्यासात एकाच मादी प्युमाने एका हिवाळ्यात कळपातली सुमारे ९ टक्के जनावरं आणि २६ टक्के कोकरं मारल्याचं दिसलं. बाकीचे प्युमा मेंढ्यांच्या वाटेला फारसे जात नव्हते. म्हणून सरसकट प्युमा मारणं निरुपयोगी आणि क्रूर ठरतं, तर नेमका मेंढ्यांची चटक लागलेला एक हटवल्याने फरक पडू शकतो.

न्यू मेक्सिकोचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचता येतं. सॅन आंद्रेस डोंगरात खरजेच्या साथीने आणि प्युमांनी कळप एवढा खालावला की १९९७ मध्ये एकच मेंढी उरली. २००२ मध्ये ५१ मेंढ्या आणून सोडल्या. राज्याने १९८० पासून धोक्यातली म्हणून नोंदवलेली वाळवंटी मेंढी २०११ मध्ये त्या यादीतून बाहेर आली, आणि त्या वाटेवर प्युमा मारण्याचा कार्यक्रमही होता. कॅलिफोर्नियात १९९० च्या मतदानाने प्युमाच्या शिकारीवर बंदी आली, पण सिएरा नेवाडातल्या मेंढ्या संपत आल्यावर १९९९ मध्ये विधिमंडळाला त्यांच्यापुरता अपवाद करावा लागला. ॲरिझोनात परवान्याने प्युमाची शिकार आधीपासून कायदेशीर आहे, त्यामुळे ‘एकही प्युमा मरता कामा नये’ ही मागणी तिथला गेम अँड फिश आयोग ऐकून घेतो आणि पुढे जातो.

ऐकली जाईल अशी मागणी कशी असते? तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, प्रस्तावात खालच्या गोष्टी आकड्यांत लिहायला लावा:

प्युमाने मारलं हे कशावरून ठरवणार? मेंढी काही तास हलली नाही की कॉलर संदेश पाठवते. तिथे २४ तासांत माणूस पोचला पाहिजे. मानेवरचे दातांचे खड्डे, त्याभोवती कातडीखाली साकळलेलं रक्त, ओढत नेल्याची खूण, पालापाचोळ्याने झाकलेलं धड, यांचे फोटो हवेत. रक्त साकळलेलं नसेल तर मेंढी आधीच मेली होती आणि प्युमाने नंतर खाल्ली. उशिरा पोचलं की हा फरक पुसला जातो आणि प्रत्येक मृत्यू प्युमाच्या खात्यावर जमा होतो.

माग किती वेळ आणि किती अंतरापर्यंत काढणार? आठवड्याने दुसऱ्याच दरीत सापडलेला प्युमा तोच आहे, हे कोणी सांगू शकत नाही.

पिल्लं असलेली मादी सापडली तर काय?

वर्षाला जास्तीत जास्त किती? आणि कळपात किती प्रौढ मेंढ्या झाल्या की हा कार्यक्रम कायमचा बंद? ही शेवटची ओळ नसेल तर प्रस्तावाला विरोध करा. तात्पुरता म्हणून सुरू झालेला कार्यक्रम तारखेवाचून थांबत नाही.

प्रत्येक मारलेल्या प्युमाची माहिती किती दिवसांत जाहीर होणार? कॅटालिनात शिकारी संघटना आणि पर्यावरणवादी संस्था एकाच सल्लागार समितीवर बसल्या होत्या. ही रचना चांगली आहे. पण बाहेरच्या लोकांना बातमी उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळली, तर समितीवरच्या पर्यावरणवाद्यांनाच ‘फितूर’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

कुत्री, पायवाटा, आणि आपणच

प्युमावर बोलणाऱ्यांपैकी अनेकजण रविवारी कुत्रा घेऊन त्याच डोंगरात जातात. पुश रिजच्या मेंढी-क्षेत्रात कुत्र्यांना बारा महिने बंदी आहे (अपंगांच्या सेवा-कुत्र्यांचा अपवाद सोडून), आणि १ जानेवारी ते ३० एप्रिल पायवाटेपासून ४०० फुटांपेक्षा दूर जायला मनाई आहे. दिवसाच्या सहलीला एका गटात १५ माणसं, मुक्कामाला ६. नियम चांगले आहेत, प्रश्न अंमलबजावणीचा. विचारा: विण्याच्या चार महिन्यांत किती रक्षक, कुठल्या वाटांवर, आठवड्यातले किती दिवस?

पैसा कुठून येतो

हे उघडपणे विचारा, त्यात संकोच नको. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. खर्चाचे तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. शिवाय बिगहॉर्न नराच्या शिकारीचे काही खास परवाने लिलावात विकले जातात आणि एकेका परवान्याला लाखो डॉलर येतात. ‘शिकारीसाठीच मेंढ्या आणताय’ हा आरोप इथून येतो, आणि ‘मग तुम्ही द्या पैसे’ हे उत्तरही. दोन्हींत वेळ घालवू नका. एकच लेखी वचन मागा: कळप किती झाल्यावर आणि किती वर्षं तेवढाच राहिल्यावर पहिला परवाना निघेल?

लेखी मत कसं लिहायचं

आधी ठरवा की निर्णय कोणाचा आहे. मेंढ्या राज्याच्या, जमीन बहुधा केंद्राची. ॲरिझोनात राज्याच्या बाजूने पाच सदस्यांचा गेम अँड फिश आयोग आहे. कॅटालिनाची जमीन कोरोनाडो राष्ट्रीय वनाची. प्युमाबद्दलचं मत वन खात्याला आणि पायवाटांबद्दलचं आयोगाला पाठवलं की दोन्ही फाइलबंद होतात.

वन खात्याच्या कामात मुदतीत आणि मुद्देसूद लेखी मत दिलं असेल तरच पुढे औपचारिक हरकत घेता येते. नुसत्या सभेला हजर राहून तो हक्क मिळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पर्यावरण-आढाव्याचे नियम २०२५ मध्ये बदलले, तेव्हा जुन्या मार्गदर्शिकांतले दिवस धरू नका. नोटिशीवर छापलेली तारीखच खरी.

प्रत्येक मुद्द्याला चार ओळी पुरतात. पान आणि परिच्छेद क्रमांक, तिथे काय म्हटलंय, त्यात काय चुकलंय किंवा राहिलंय, आणि त्याजागी काय हवं. उदाहरणार्थ: ‘पान ३४, परिच्छेद २. पाळीव बकऱ्यांचा धोका कमी असल्याचं म्हटलं आहे. यात फक्त चराई परवाने मोजले आहेत, खाजगी घरांतल्या बकऱ्या नाहीत. वनाच्या हद्दीपासून ३५ किलोमीटरमधल्या खाजगी बकऱ्यांची पाहणी पहिल्या मेंढ्या सोडण्याआधी पूर्ण करावी आणि तिचा निकाल प्रसिद्ध करावा.’ एवढंच. ‘आम्हाला निसर्ग प्रिय आहे’ लिहिलंत तर ती ओळ ‘समर्थन, सर्वसाधारण’ या रकान्यात जाते. एखाद्या संस्थेचं तयार पत्र शेकडो लोकांनी पाठवलं तरी खातं त्यातला मुद्दा एकदाच धरतं. तेच पत्र वापरायचं असेल तर निदान आपल्या भागातली एक पाहिलेली गोष्ट जोडा: कुठल्या वाटेवर किती वाजता किती मोकळी कुत्री, किंवा कुठल्या गल्लीच्या टोकाला बकऱ्या.

तोंडी बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतात. आत शिरताच बोलणाऱ्याचं कार्ड भरून द्या, नाहीतर नाव पुकारलं जात नाही. ॲरिझोनाच्या खुल्या सभांच्या कायद्याने विषयपत्रिका किमान २४ तास आधी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर आयोगाला निर्णय घेता येत नाही. म्हणून पत्रिका वाचूनच निघा. तीन मिनिटांत इंग्रजीत ३५० ते ४०० शब्द होतात, त्यात एकच मुद्दा बसतो. पहिल्या वाक्यात मागणी, मग कारण, मग एक आकडा, मग पुन्हा मागणी. समोरच्या बाजूला खुनी किंवा भावनाप्रधान म्हणू नका. ते शब्द इतिवृत्तात राहतात, मागणी गळून जाते. एकाच मताचे पाचजण असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकाने आजार, एकाने प्युमाच्या अटी, एकाने कुत्री. पाचहीजण प्युमावर बोललात की चौथ्याच्या वेळी आयोगाचे सदस्य कागद चाळू लागतात.

‘यश’ या शब्दाची व्याख्या प्रस्तावात नसेल तर ती तुम्हीच सुचवा. नमुना हवा असेल तर सिएरा नेवाडाच्या मेंढ्यांची २००७ ची पुनरुज्जीवन योजना पाहा. तिथे एकूण डोकी न मोजता किमान ३०५ माद्या आणि ठरवून दिलेल्या १२ भागांत कळप, असं लक्ष्य लिहिलं आहे. नर कितीही असले तरी कळप वाढत नाही, म्हणून माद्या मोजायच्या. आणि एकाच डोंगरावर सगळ्या असतील तर एका साथीत किंवा एका मोठ्या बर्फात सगळ्या जातात, म्हणून भाग मोजायचे.

मंजुरीनंतर

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा माहिती-अर्ज करा. राज्य खात्याकडे राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, केंद्राच्या खात्याकडे फोइया या केंद्राच्या माहिती-कायद्याखाली. ‘सगळी कागदपत्रं’ मागू नका, महिनोन्‌महिने वाट पाहाल. एवढंच मागा: किती सोडल्या, किती कॉलर चालू आहेत, प्रत्येक मृत्यूची तारीख, कारण आणि कॉलरचा संदेश येऊन माणूस पोचेपर्यंत गेलेले तास, मारलेले प्युमा, आणि शरद ऋतूतल्या पाहणीत दर १०० माद्यांमागे किती कोकरं. कॉलर लावलेल्या जनावरांचं सध्याचं ठिकाण मागू नका. ते नाकारलं जातं आणि नाकारावंही.

मृत्यूच्या कारणांच्या रकान्यात ‘अज्ञात’ किती आहेत ते मोजा. एक तृतीयांशाहून जास्त असतील तर माणसं कॉलरपर्यंत वेळेवर पोचत नाहीत, आणि मग प्युमांचे आकडेही भरवशाचे नाहीत. कोकरं जन्मतात पण शरद ऋतूपर्यंत उरत नाहीत असं सलग दोन वर्षं दिसलं, तर प्युमाकडे बोट दाखवण्याआधी नाकातले बोळे पुन्हा तपासायला सांगा. आणि मेंढ्यांच्या पुढच्या हप्त्याचा विषय पत्रिकेवर येण्याआधी हे आकडे आयोगाच्या टेबलावर पोचतील अशा बेताने अर्ज टाका. उत्तर यायला काही आठवडे लागतात.